शेवरीपलीकडचे रॉकवाले

परवा आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये गाण्यांचा विषय निघाला. शाळा बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात आहे. खिडकीबाहेर पॉवरलूमची खडखड चालू असते, त्यामुळे आम्ही सगळे चढ्या आवाजातच बोलतो. नव्याने रुजू झालेल्या एक तरुण मॅडम इंदूरला रॉक कॉन्सर्ट पाहून आल्या होत्या. तिथली गर्दी, दिवे, स्टेज यांचं वर्णन चाललं होतं. मी सहज म्हटलं, असे कार्यक्रम आपल्याकडेही व्हायचे, निंबोल्याजवळ, आमच्या केळीच्या बागेला लागून.

"मॅडम, कव्वाली म्हणताय का?" त्यांनी विचारलं.

बाकीचे हसले. मी म्हटलं, नाही, रॉकच. ड्रम, गिटार, लांब केसांची मुलं, माणसाच्या उंचीचे स्पीकर. त्यांनी लगेच मोबाइलवर शोधून पाहिलं. काही सापडलं नाही. मोबाइलचा पडदा माझ्याकडे वळवून त्या गोड हसल्या आणि डबा उघडून जेवायला लागल्या. मी खोटं बोलतेय असं त्यांना वाटलं नसेल, पण काहीतरी घोटाळा करतेय असं नक्की वाटलं.

मला त्यांचा राग आला नाही. ते कार्यक्रम डोळ्यांसमोर होत होते तेव्हाही आमच्यापैकी कोणाचा त्यांच्यावर विश्वास बसला नव्हता.

आमची बाग रस्त्याला लागून आहे. बागेत उभं राहिलं की उत्तरेला असीरगडाचा डोंगर दिसतो आणि दक्षिणेला शेवरीचं दाट कुंपण. केळीला वारा सोसत नाही, म्हणून बागेच्या कडेने शेवरी लावायची पद्धत आहे. त्या कुंपणाच्या पलीकडे पूर्वी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, चुलतभावाची केळी होती. त्यांनी ती जमीन विकली तेव्हा आप्पा त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. विकत घेणाऱ्याने केळी काढून तिथे हिरवळ लावली, फाटकावर दोन प्लास्टरचे हत्ती बसवले आणि मॅरेज गार्डन सुरू केलं. लग्नांचे बँड, फटाके, मांडव हे सगळं आम्ही ऐकून घेत होतो. लग्न म्हटलं की माणसाला कारण कळतं.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले, मायला सही येते. माझी फी, बसचा पास, पुस्तकं सगळं त्या बागेतून येत होतं, आणि हे मला कोणी बोलून दाखवलं नव्हतं. पण घड कापायचे दिवस आले की मी कॉलेज बुडवून बागेत जायची. तेवढं मला समजत होतं.

त्या हिवाळ्यात मॅरेज गार्डनचे मालक पहिल्यांदा आमच्याकडे आले. गावात सगळे त्यांना गार्डनवाले म्हणत. बाहेरचे, हिंदी बोलणारे, चाळिशीतले, थंडीतही अर्ध्या बाह्यांचा शर्ट. ते स्कूटरवर आले होते. एवढ्या जागेचा मालक आणि स्कूटरवर, इथूनच आप्पांचा संशय सुरू झाला. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात एक म्युझिकचा कार्यक्रम आहे, मुंबईची मुलं येणार आहेत, आवाज मोठा होईल, म्हणून शेजाऱ्यांना आधी सांगायला आलो.

लग्न कोणाचं, असं आप्पांनी विचारलं. लग्न नाही, असं उत्तर आलं. मग गणपती, की निवडणूक? तेही नाही. तिकीट लावून माणसं येतील? गार्डनवाले म्हणाले, येतील तेवढी येतील, आमचा तर खर्चच होणार.

आप्पांनी त्यांना नीट निरखून पाहिलं. मग विचारलं, "मग तुम्हाला यातून काय मिळते?"

"कुछ नहीं, काकाजी," गार्डनवाले म्हणाले. "अच्छा लगता है मुझे."

ते गेल्यावर आप्पा मायला म्हणाले, "पाह्यलं? सांगितलं नै त्यानं."

मग गावात तर्क सुरू झाले. बुऱ्हाणपूरच्या बाजारात वेगळे, निंबोल्यात वेगळे. कोणी म्हणालं, याला निवडणुकीला उभं राहायचं आहे, म्हणून पोरं गोळा करतोय. कोणी म्हणालं, सिनेमावाले जागा पाहायला येणार. केळी कापायला येणाऱ्या टोळीतल्या एकाने ठासून सांगितलं की हे परदेशी कंपनीचं काम आहे, गाणी हा बहाणा, आधी जमिनीखाली काय आहे ते मशीन लावून पाहणार. कोणाचाच तर्क दुसऱ्याच्या तर्काशी जुळत नव्हता, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. एवढे मोठे गाणारे बुऱ्हाणपूरला केवळ गाण्यासाठी येणार नाहीत.

आप्पांचा तर्क मात्र अगदी सरळ होता. त्या जागेला एकच फाटक आहे, रस्त्यावरचं. मागे जायला वाट हवी तर ती आमच्या बागेतूनच निघते. हजार माणसं बोलवायची असतील त्याला मागची वाट लागणार, आणि वाट लागली की बाग लागणार.

"याले आपली बाग पाहिजे," ते म्हणाले. "बाकी सगळं गाणं-बजावणं त्याच्यासाठीच हाय."

त्यानंतर तीन हिवाळे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी बागेत आप्पांचा डबा घेऊन गेले. पलीकडे ड्रमची चाचणी चालली होती. सुरात काही नाही, नुसते एकेक ठोके, मध्येच थांबायचे, परत सुरू व्हायचे. आप्पा कुंपणाजवळच्या एका केळीपाशी उभे होते. खोडाला तळहात लावून. एखाद्याला ताप आहे का पाहावा तसे.

"इकडं ये, पोरी," ते म्हणाले. "हात लाव."

मी हात लावला. केळीचं खोड आतून पाण्याने भरलेलं असतं, गुळगुळीत आणि थंड. त्या थंडाव्याच्या आत काहीतरी धडकत होतं. कानाला ठोका ऐकू यायचा त्याच क्षणी तळव्यालाही लागायचा.

"हालू राह्यलं नं?"

"हो, आप्पा."

"तेच म्हणतो मी."

ते पुढच्या खोडाकडे गेले, मग त्याच्या पुढच्या. ओळीतली सगळी खोडं त्यांनी तपासली. त्यांचं म्हणणं असं की हा आवाज मुळं ढिली करणार. मुळं ढिली झाली की चैत्रातल्या पहिल्या वावटळीत घडासकट झाडं झोपणार, आणि मग तोच माणूस स्कूटरवर येऊन म्हणणार, काकाजी, आता काय राहिलंय इथे, देऊन टाका. मला ते त्या वेळी अगदी पटलं. पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. ते पुढच्या ओळीत गेल्यावरही मी त्या खोडावरचा हात काढला नव्हता. रॉक म्हणजे काय हे मला कानांआधी तळहाताला कळलं.

त्या संध्याकाळी आप्पा बागेतच थांबले. मी आणि माय घरी होतो. गावापर्यंत येताना त्या संगीताची नुसती घुमघुम उरली होती. सकाळी आप्पांनी सगळा बांध पाहिला. बुटांचे ठसे, दोन बाटल्या, ठिबकची एक नळी कोणाच्यातरी पायाखाली दबलेली. एवढंच. एक पान फाटलं नव्हतं. आप्पांनी नळी सरळ केली आणि म्हणाले, पहिल्या वर्षी असंच असते, अंदाज घेऊन गेला.

चैत्रात वावटळ आली. आमची बाग उभी राहिली. आप्पा म्हणाले, वारा यंदा कमी होता.

दुसऱ्या हिवाळ्यात गार्डनवाले मावा जिलबीचा, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या काळसर जिलबीचा, डबा घेऊन आले आणि तीन पास. या वेळी ईशान्येकडची मुलं येणार होती, खूप लांबून. त्यांनी मला विचारलं, कुठल्या वर्षाला, कुठले विषय. मी सांगितलं. ते आप्पांना म्हणाले, हिला शिकवा, थांबवू नका. मग जाता जाता त्यांनी विचारलं की आमच्या बागेतली केळी काढून मोकळी झालेली कडेची पट्टी एका दिवसासाठी गाड्या लावायला मिळेल का. आप्पा नाही म्हणाले. गार्डनवाले "कोई बात नहीं" म्हणाले, चहा पिऊन कप खाली ठेवला आणि स्कूटर सुरू केली.

आप्पा बराच वेळ रस्त्याकडे बघत होते. "एकदाच विचारलं अन् गेला," ते म्हणाले. "ज्याले खरंच जमीन पाहिजे नं, तो असाच विचारतो. हावरटपणा नै करत."

मी म्हटलं, दोनदा विचारलं असतं तर? तर दबाव आणतो म्हटलं असतं, माय आतून म्हणाली. आप्पांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

जिलबीचा डबा कोणी उघडला नाही. आप्पांनी तो खाटेखाली ढकलून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली तेव्हा मायने तो गोठ्यात नेला. मी काळ्या, रसरशीत जिलब्यांकडे बघत राहिले. मायने कडब्यावर डबा उपडा केला आणि म्हणाली, बैलाले कोणाचं काही लागत नै.

पासांचं मात्र आप्पांनी वेगळं ठरवलं. ते फाडायचे नाहीत. मी आणि मायने जायचं.

"गाणी ऐकायले नै," त्यांनी बजावलं. "तिथं बसून पाह्यचं, कोण आपल्या बागेकडं पाहू राह्यलं. कोणी पावलं टाकून मोजू राह्यलं का. टेपबीप काढतात का."

अशा रीतीने माझ्या मायने आयुष्यातला पहिला रॉक कॉन्सर्ट पाहिला, किंवा पाहिला नाही. तिने लग्नाला नेसायची जांभळी साडी नेसली, डोक्यावरून पदर घेतला, भाजलेल्या शेंगांची पिशवी बरोबर घेतली. पासवाल्यांसाठी पुढे लाल खुर्च्या होत्या. मी बसले. मायने खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि स्टेजकडे पाठ करून शेवरीच्या कुंपणाकडे तोंड करून बसली.

मी तिला हळूच म्हटलं, माय, लोक बघतायत. ती म्हणाली, पाहू दे, आपण कोणाले पाह्यलं तर चालत नै का. आणि शेंग फोडली.

मग सुरू झालं. मी असा आवाज आजवर अंगावर घेतला नव्हता. पोटात, दातांत, खुर्चीच्या लोखंडात सगळीकडे तो होता. स्टेजवर चार मुलं आणि ड्रमवर एक बुटकी मुलगी. ती इतक्या जोरात वाजवत होती की मला तिच्या आईची काळजी वाटली. शब्द एकही कळत नव्हता. मागे कॉलेजातली पोरं उड्या मारत होती, ज्यांना वर्गात हजेरी द्यायलाही आवाज फुटत नसे. आणि त्या सगळ्याच्या अगदी पुढे, मधोमध, एक बाई पाठ करून बसलेली, शेंगा खात, अंधारातल्या केळीवर नजर लावून.

दोन गाण्यांच्या मध्ये गाणाऱ्या मुलाचं लक्ष तिच्याकडे गेलं. तो माइकवर म्हणाला, "आंटीजी, हम लोग इधर हैं."

सगळं मैदान हसलं. मायने मान वळवली नाही. तिला वाटलं, तिचं लक्ष विचलित करायचा हा डाव आहे. हे तिने मला नंतर सांगितलं. त्या मुलानेही मग पुढचं गाणं सुरू केलं, आणि मला असं वाटलं की ते त्याने तिच्या पाठीसाठी गायलं. जरा मऊ होतं ते. मायची शेंगा फोडायची गती त्या गाण्यात कमी झाली, पण यावरून मी काही म्हणू शकत नाही. शेंगा संपत आल्या असतील.

घरी आल्यावर आप्पांनी हकिगत विचारली. मायने सांगितलं की एक माणूस दोनदा कुंपणाकडे गेला.

"कायले?"

"लघवीले."

"दोनदा?"

"थंडी होती," माय म्हणाली. "अन् गाणं म्हणशाल तर ते गात नै, भांडतात. पण भांडण चांगलं एका तालात करतात."

आप्पा हसले नाहीत. तो माणूस कसा दिसत होता, कपडे कसे होते, गेला तेव्हा किती वेळ थांबला, हे सगळं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

तिसरा हिवाळा कडाक्याचा होता. मी शेवटच्या वर्षाला होते. या वेळचा बँड असा होता की त्याची गाणी आमच्या वर्गातल्या पोरांच्या मोबाइलवर होती. खंडव्याहून, भुसावळहून, जळगावहून गाड्या भरून येणार असं बोललं जात होतं. तीन दिवस आधीपासून ट्रकमधून लोखंडी खांब उतरत होते. आप्पा रोज शेवरीच्या फटीतून बघत. गार्डनवाल्यांनी या वर्षी जागा मागितली नाही. नुसते पास पाठवले. आप्पांच्या मते याचा अर्थ एकच, आता त्याला मागायची गरज उरलेली नाही.

बाग त्या वेळी निसवायला लागली होती. निसवणे म्हणजे खोडाच्या शेंड्यातून घड बाहेर पडणे. याच वेळी कडक थंडी पडली तर घड गळ्यातच अडकतो, बाहेर येत नाही, आणि त्या झाडाचं वर्ष वाया जातं. म्हणून आमच्याकडे थंडीच्या पहाटे बागेत धूर करतात. कडेने ओल्या-सुक्या काडीकचऱ्याचे ढीग लावायचे, वाळलेली केळीची पानं घालायची, पेटवून वर पाणी शिंपडायचं, की जाळ होत नाही, नुसता धूर होतो. हवा पडलेली असली की तो धूर बागेत पांघरुणासारखा बसतो आणि गारठा थोडा कमी होतो. हे काम पहाटेचं. लहानपणापासून मी ते पाहिलेलं आहे. पहाटेशिवाय दुसऱ्या वेळी कोणी धूर करताना मी पाहिलं नव्हतं.

मला मैत्रिणींबरोबर जायची परवानगी मिळाली. अट एकच, कुंपणाच्या बाजूला उभं राहायचं. आप्पा बागेत असणार होते. मी त्यांना दिसणार होते आणि ते मला दिसणार नव्हते.

संध्याकाळ झाली, दिवे लागले. कार्यक्रम सुरू झाला आणि स्टेजवरून पांढरा धूर सोडला गेला, दिव्यांत निळा-जांभळा होणारा. पोरं ओरडली. मीही ओरडले असेन. दोन-तीन गाणी झाली. मग मला वास आला. स्टेजच्या धुराला वास नव्हता. हा वास मी झोपेतही ओळखला असता, ओल्या कचऱ्याचा आणि केळीच्या पानांचा.

शेवरीच्या वरून पिवळट धूर आत येत होता. वारा असीरगडाकडून होता, त्यामुळे तो सरळ मैदानात उतरला. आधी लोकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे, टाळ्या पडल्या. मग खोकले सुरू झाले. डोळे चुरचुरायला लागले. कोणीतरी म्हणालं, आग लागली. गर्दी फाटकाकडे सरकायला लागली, आणि फाटक एकच होतं. गाणं थांबलं. गार्डनवाले स्वतः माइकवर आले आणि शांत आवाजात परत परत सांगत राहिले की आग नाही, धूर आहे, सावकाश चला, आधी बायका-मुलांना जाऊ द्या. कोणाला काही झालं नाही. पण अर्ध्या तासात मैदान रिकामं झालं आणि ती मुलं तारा गुंडाळायला लागली.

मी कुंपणातून आत शिरले. गार्डनवाले माझ्या आधीच पोचले होते. आप्पा धुमसणाऱ्या ढिगापाशी काठी घेऊन उभे होते, मफलर कानावरून बांधलेला.

"काकाजी," गार्डनवाले म्हणाले, "आज ही करना था?"

"थंडी आज पडली," आप्पा म्हणाले.

गार्डनवाल्यांनी हात पुढे केला, हवेत धरला, जसं कोणी पाऊस पडतोय का पाहतं तसा. थंडी होती. खरंच होती. त्यांनी हात खाली घेतला, मला पाहिलं, आणि शेवरीतून परत गेले. त्यांच्या शर्टाला बाह्या तेव्हाही अर्ध्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी गावात नवे तर्क. कोणी म्हणालं, आप्पांना कोणीतरी पुढे केलं. कोणी म्हणालं, दुसऱ्या मॅरेज गार्डनवाल्याचं काम. काही जणांनी आप्पांची पाठ थोपटली, संस्कृती वाचवली म्हणून, आणि आप्पांना ते काय बोलतायत हेच कळेना. पोलिसात कोणी गेलं नाही. आजूबाजूच्या दोन बागांत त्या आठवड्यात घड अडकले, आमच्या बागेत जवळपास नाही. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचे.

पण मी भूगोल घेऊन बी.ए. करत होते. धूर बागेत कधी थांबतो हे मला पुस्तकातूनही माहीत होतं आणि आप्पांकडूनही. हवा पडलेली असते तेव्हा. त्या संध्याकाळी वारा होता, म्हणूनच तर धूर मैदानात गेला. ज्या माणसाने केळीत जन्म घालवला त्याला हे कळलं नसेल? मी विचारलं नाही. माझा निकाल यायचा होता, बी.एड.चं बोलायचं होतं, आणि ज्याच्या जोरावर मी हे सगळं करत होते त्याला असा प्रश्न विचारायचा नसतो असं मला वाटायचं. मी मनातच ठेवलं. संशय हा आमच्या घरातला एकच वारसा मला न मागता मिळाला होता.

गार्डनवाल्यांनी पुन्हा कधी रॉकवाले आणले नाहीत. दोन वर्षं नुसती लग्नं झाली. मग हत्ती रंगवायचे राहिले, एकाची सोंड पडली, आणि एक दिवस कळलं की त्यांनी जागा विकली. ते कुठे गेले, कोणाला माहीत नाही. मी बी.एड. केलं, नोकरी लागली, बुऱ्हाणपुरात राहायला आले. बाग आप्पांकडेच राहिली.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी गावी होते. नव्या मालकाने पलीकडे प्लॉट पाडले आहेत, चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खुंट. त्याचा माणूस आमच्याकडे आला. चकचकीत गाडी, हातात मावा जिलबीचा डबा. बसल्या बसल्या त्याने सांगून टाकलं की कॉलनीला मागून रस्ता हवा, तुमची कडेची पट्टी द्या, जमलं तर सगळी बाग द्या, चांगला भाव देऊ. आप्पांनी शांतपणे ऐकलं, नाही म्हणाले, त्याला चहा पाजला. तो पुन्हा येतो म्हणून गेला.

आप्पा आता थकले आहेत. कानाने कमी ऐकू येतं. त्यांनी डबा मांडीवर घेतला, दोरी सोडली, एक जिलबी उचलली आणि खाल्ली. मी बघतच राहिले.

"आप्पा, ही खाल्ली तुम्ही?"

"खाऊ नै तं काय. याले काय पाहिजे ते समजलं. अशाले नै म्हणता येते." त्यांनी बोटं चाटली. "तो पहिला. त्याच्या मनात काय होतं, ते शेवटपर्यंत समजलंच नै."

बाहेर थोडा गारठा होता. मी इतक्या वर्षांनी विचारलं. "त्या दिवशी वारा होता, आप्पा."

"होता," ते म्हणाले.

"मग धूर बागेत कसा थांबणार होता?"

"नव्हताच थांबणार." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "माणसं येणं थांबलं की तोबी जाईल, असं वाटलं. गेला."

माय दारात उभी होती. ती म्हणाली, गेला अन् हे प्लॉटवाले आणून बसवले. आप्पांनी ऐकलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी डबा माझ्यापुढे केला.

मी एक जिलबी घेतली. मग म्हटलं, "त्यांनी सांगितलं होतं, आप्पा. पहिल्याच दिवशी. तुम्ही विचारलं, यातून काय मिळते. ते म्हणाले, मला आवडतं."

आप्पांनी आठवून पाहिलं. त्यांना आठवलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. शेवरीच्या पलीकडचे ते सिमेंटचे खुंट घरातून दिसत नव्हते. तरी आप्पा त्या दिशेला बघत सावकाश जिलबी चावत राहिले.

"ते काय सांगणं झालं?" ते म्हणाले.